डब्याखालचे टाके

डबा जेमतेम कालव्याच्या पुलापर्यंत गेला आणि बसला.

पुढे ट्रॅक्टर, त्याला जोडलेला चाकांवरचा पत्र्याचा डबा आणि डब्यामागे पाठीशी हात बांधून चालणारे मिस्त्री, अशी वरात निघाली होती. पुलाच्या चढाला डावं चाक खड्ड्यात गेलं, खालून काहीतरी कडाडलं आणि डबा कलला तो कललाच. आतली भांडी गडगडत एका कोपऱ्यात गेली. बारकी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली होती, तिने खाली उडी टाकली. तिचा नवरा डब्याच्या दारात उभा होता, तो चौकट धरून लोंबकळत कसाबसा उतरला.

ट्रॅक्टरवाला डब्याखाली वाकला. चाकाच्या आतले कमानीचे पाटे सुटून जमिनीला टेकले होते. पाट्यांना चासीशी, म्हणजे डब्याच्या खालच्या सांगाड्याशी, धरून ठेवणारा लोखंडी कान मुळापासून निखळला होता. त्याने तो उचलला, उलटा करून बघितला आणि हसायला लागला.

"हे वेल्डिंग आहे का मेणबत्ती गळलीये? कुठल्या दिवट्याने केलंय हो हे?"

बारकीने वळून बघितलं. मिस्त्री येऊन पोचले होते. त्यांनी ऐकलं होतं.

"जुनं होतं," ती घाईघाईने म्हणाली. "गंजलं असेल."

गंज कुठला! तुटलेली कड घासलेल्या ताटासारखी चमकत होती, ती मिस्त्रींशिवाय सगळ्यांना दिसत होती. मिस्त्रींनी हात पुढे केला. ट्रॅक्टरवाल्याने कान त्यांच्या हातात दिला. तुटल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, परत एकदा फिरवला.

"लोखंडच भिकार मिळतं आताशा," ते म्हणाले आणि तो तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला.

ट्रॅक्टरवाल्याच्या तेवढ्यात लक्षात आलं असावं. साखळी कुठे ठेवलीये ते बघतो, असं पुटपुटत तो पलीकडे गेला.

बारकी ही मिस्त्रींची धाकटी. तिशी ओलांडून बरीच वर्षं झाली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, गेटं आणि जिने जोडण्याच्या एका शेडमध्ये ती पुरुषांच्या बरोबरीने वेल्डिंगचा रॉड चालवायची, तरी माहेरी ती बारकीच. थोरली लांब दिलेली, तिचं येणं क्वचित. डबा या दोघींइतकाच जुना. मिस्त्री मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरायचे त्या काळातला. पीक काढणीला आलं की यंत्र निघायचं, यंत्रामागे डबा आणि डब्यात अख्खं बिऱ्हाड. पत्र्याच्या भिंती, दोन खिडक्या, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी, भांडी पडू नयेत म्हणून फडताळाला आडवी सळई. खालची चासी, कमानी, चाकं, सगळं मिस्त्रींनी स्वतः जोडलेलं. झोपताना पोरी एका वेशीवर असायच्या, उठताना दुसऱ्या. सकाळी खिडकी उघडायच्या आधी दोघींची पैज लागायची. थोरली म्हणायची, बाहेर झाड निघणार. बारकी म्हणायची, विहीर. हरणारीने पाणी भरायचं.

पुढे एका फेरीत कापून, मळून, पोती भरून देणारी अजस्र यंत्रं आली. मिस्त्रींचं यंत्र भंगारात गेलं. डबा मात्र त्यांनी दिला नाही. घरामागे तो उभा राहिला, त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

बारकीच्या नवऱ्याचा मधमाश्यांचा धंदा. फुलोरा जाईल तिकडे पेट्या न्यायच्या आणि पेट्यांपाशी मुक्काम ठोकायचा. गेल्या हंगामात तो एकटाच तंबूत राहिला होता. वादळात तंबू फाटला, चार दिवस ओल्या कपड्यांत काढले आणि तापाने फणफणून घरी आला तो ओळखू येईना. तेव्हाच बारकीने ठरवलं होतं, पुढच्या वेळी आपणही जायचं आणि डब्यातून जायचं. मिस्त्रींना विचारलं तर ते हरखून गेले.

"न्या की! फक्त आधी मला खाली जरा हात फिरवू दे."

सगळा हिवाळा ते डब्याखाली होते.

यंदा उन्हाने घाई केली आणि लांबच्या माळावरचं सूर्यफूल अवेळीच फुललं. इकडच्या रानात औषधालाही फूल उरलं नव्हतं. पेट्या साखरपाण्यावर तग धरून होत्या. नवरा रोज पेटीचं झाकण उचलायचा आणि तोंड पाडून परत ठेवायचा.

निखळलेली कमान साखळीने आवळून, डबा गोगलगाईच्या चालीने ओढत परत घरामागे आणला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

बारकीने पोतं अंथरलं आणि हातात बॅटरी न् हातोडी घेऊन डब्याखाली शिरली. पाठीखाली खडे टोचत होते. तोंडावर माती पडत होती. ही जागा तिच्या ओळखीची होती. भर दुपारी मळणी चालू असताना गावात दुसरी सावली नसली की त्या दोघी इथेच येऊन पडायच्या. वर बघितलं की बाबांनी जोडलेल्या पट्ट्या, चॅनेल, कोपरे दिसायचे. थोरलीला झोप लागायची. बारकी मात्र बोट लावून लावून सांधे बघायची. एकसारखे, घट्ट विणलेल्या वेणीसारखे. पुढे शेडमध्ये हातात पहिल्यांदा रॉड धरायचा होल्डर आला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तीच वेणी होती.

ती वेणी अजूनही होती. मागच्या बाजूच्या आडव्या चॅनेलवर, गंजाच्या पापुद्र्याखाली, इतक्या वर्षांची तशीच. बारकीने ती अंगठ्याने पुसली. मग बॅटरी पुढे सरकवली.

पुढचे सगळे सांधे नवे होते. त्यांवर हिरवा रंग चढवलेला होता, थोडाथोडका नव्हे, चांगला दोन-तीन हात. रंगाखाली गाठी जाणवत होत्या. तिने एका गाठीवर हातोडी हलकेच मारली. गाठ टपकन सुटून तिच्या गळ्यावर पडली. आतलं लोखंड कोरंच्या कोरं होतं, वितळलेला धातू त्यात उतरलाच नव्हता, नुसता वर येऊन बसला होता. दुसऱ्या ठिकाणी वेल्डिंगचा टाका सांध्यावर नव्हताच, बोटभर बाजूला सरकून गेला होता. तिसऱ्या ठिकाणी भोकं, मुंग्यांनी पोखरल्यासारखी. उजव्या कमानीचा कान डाव्यासारखाच होता, फक्त अजून पडला नव्हता. ॲक्सलजवळच्या चॅनेलला चीर गेली होती आणि त्या चिरेवर रंग भरला होता.

"किती आहे?" नवऱ्याने वाकून विचारलं.

"सगळंच," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुलावर तुटलं ते बरं झालं हो. मोठ्या उतारावर तुटलं असतं तर?"

नवरा जॅक आणायला वळला. तो मुळातच कमी बोलणारा. माश्यांमध्ये राहून राहून त्याला हळू हलायची आणि गप्प राहायची सवय लागली होती.

ती बाहेर आली तेव्हा मिस्त्री तयार होऊन उभे होते. जुना जाड सदरा, पायात बूट, हातात होल्डर. मशीन त्यांनी खोपटातून ओढून आणलं होतं, वायर लावली होती.

"सर बाजूला," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

"बाबा, मी करते ना."

"तू शेडमध्ये कर. हा माझा डबा आहे."

नवऱ्याने जॅकवर डबा उचलून खाली लाकडी ठोकळे लावले होते. मिस्त्री एका कुशीवर आडवे झाले, निखळलेला कान जागेवर अडकवला, तोंडावर काच धरली आणि रॉड टेकवला. ठिणगी उडाली ती कानापासून चांगली दोन बोटं लांब. मिस्त्रींनी हात सरकवला. परत ठिणगी, या वेळी पाट्यावर. मग रॉड चिकटला. त्यांनी हिसडा देऊन तो सोडवला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. मशीन घुंऽऽ करत कण्हत राहिलं. ज्या माणसाने एका चाकाखाली उताणं पडून, दुसरीकडे यंत्राचा पट्टा फिरत असताना टाके मारले होते, तो माणूस आता बाळाने पाटीवर रेघोट्या माराव्यात तशा मारत होता. नवऱ्याने मान फिरवली आणि कुंपणाकडे बघत उभा राहिला.

बारकी त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"बाबा. द्या इकडे."

"का?"

"तुम्हाला दिसत नाहीये."

मिस्त्रींनी काच खाली केली. कपाळावर घामाचे ओघळ होते. किती तरी वेळ ते कमानीकडे बघत राहिले, मग होल्डर लोखंडाला लागणार नाही अशा बेताने कोरड्या लाकडावर ठेवला. सवयच तशी. मशीन बंद केलं, हातमोजे काढून एकात एक घातले, सुटा कान परत खिशात टाकला आणि घराला वळसा घालून पुढच्या अंगणात निघून गेले.

रात्री जेवायला ते आलेच नाहीत. पोटात गुबारा धरलाय म्हणाले आणि आडवे झाले.

"तुला माहीत होतं?" बारकीने भांडी घासता घासता आईला विचारलं.

आई चुलीपाशी आवराआवर करत होती. "चहा ओततात तो कपाबाहेर. सदऱ्याची बटणं वरखाली. माहीत कसं नसेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले एकदा. म्हटलं, जोडलेलं कुणाला तरी दाखवून घ्या. दोन दिवस अबोला धरला माझ्याशी." आईने हात पुसले. "आणि खरं सांगू का बारके? सगळा हिवाळा घरामागून ठोकाठोकीचा आवाज यायचा. मधूनच गुणगुणायचे. यंत्र गेल्यापासून या घरात तसा आवाज झाला नव्हता. मला वाटलं, करू देत. डबा काय, उभाच तर आहे. मग तुम्ही दोघं न्यायला आलात."

"तरी निघताना गप्प राहिलीस."

"राहिले," आई म्हणाली. "जीव टांगणीला लागला होता, तरी राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघितलंस ना तू? कसे चालले होते मागे मागे."

बारकीला आईचा राग आला, बाबांचा आला आणि आपला स्वतःचाही. हिवाळ्यात दोनदा येऊन गेली होती ती. दोन्ही वेळा हिरवा रंग बघून म्हणाली होती, वा, नवाच झाला की डबा.

सकाळी उठल्याउठल्या तिने ग्राइंडर लावला. बाबांनी मारलेला एकेक टाका कापून काढायचा, त्याला इलाज नव्हता. वाईट टाक्यावर चांगला टाका धरत नाही. आधी रंग खरवडायचा, मग गाठ घासून काढायची, तळाचं लोखंड उघडं पडेपर्यंत. ग्राइंडरची किंकाळी घरभर, गल्लीभर जात होती. ठिणग्यांचा फवारा ठोकळ्यांवर आपटत होता. पुढच्या अंगणात मिस्त्री बसले होते, त्यांना ती किंकाळी ऐकू जात असणारच. बारकी अधूनमधून थांबायची. थांबलं की ते थांबणं जास्तच ऐकू येतंय असं वाटायचं, म्हणून परत सुरू करायची.

डब्याच्या तळाला लाकडी फळ्या होत्या. खालून वेल्डिंग करताना वर आग लागायची भीती. म्हणून आई पाण्याची बादली आणि ओली पोती घेऊन डब्यात जाऊन बसली. कुठून धूर निघाला की तिने पायाने फळी ठोकायची, असं ठरलं. कोंबड्यांना हुसकून तिने आधी सगळा डबा झाडला. मग पोती अंथरली आणि बाकावर बसली. खाली काम करणाऱ्या बारकीला वरून तिची पावलं ऐकू यायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मध्येच फडताळ उघडल्याचा आवाज. मध्येच आपल्याशीच हसल्याचा.

"काय गं?" बारकीने खालून विचारलं.

"काही नाही. इथे तू दात पाडून घेतला होतास, ते आठवलं. गाडी चालू असताना नाचायचं नाही म्हटलं तरी ऐकायची नाहीस."

दुपारपर्यंत चासी उघडीबोडकी झाली. चिरेच्या दोन्ही टोकांना बारकीने भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळणार नाही, मग चीर खोल कोरून घेतली. नवऱ्याने बारकीच्या शेडमधून जाड पट्टी आणि दोन नवे कान कापून आणले होते. उजवा कान बसवला. डावा कान धरला, रॉड लावला, एक टाका मारून झाला, दुसरा मारणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"सुतळी लावलीस का?"

मिस्त्री डब्याच्या कोपऱ्याशी उभे होते. हातात सुतळीचा गुंडा.

बारकीने सुतळी लावली नव्हती. भूक आणि घाई यांत राहून गेलं होतं. दोन्ही कान नव्याने लागणार म्हणजे ॲक्सल सरळ बसलाय का ते बघायलाच हवं होतं. तिरका राहिला तर डबा रस्त्यावर खेकड्यासारखा चालला असता आणि टायर खाऊन टाकले असते.

"नाही लावली."

"मग ये बाहेर."

पुढे ट्रॅक्टरला अडकवायच्या कड्यापाशी नवऱ्याने सुतळीचं टोक धरलं. बारकीने ती ताणून एका चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत नेली, गाठ मारली, मग तीच गाठ दुसऱ्या चाकाशी नेली. मिस्त्रींनी तिथे गाठ चिमटीत धरली आणि बोटाने चाचपलं.

"अंगठाभर मागे आहे डावा."

होताच. तिने नुकताच मारलेला टाका स्वतःच कापून काढला. मिस्त्री बघत होते की नुसतेच त्या बाजूला तोंड करून बसले होते, ते कळत नव्हतं. पण ते परत गेले नाहीत. एक बादली उपडी घालून तिच्याकडे पाठ करून बसले, उजेड डोळ्यांवर नको म्हणून.

रॉड चालू झाला. तेल तापल्यावर तडतडावं तसा बारीक, एकसारखा आवाज.

"लांब धरतेस," पाठमोरे मिस्त्री म्हणाले.

तिने रॉड जवळ घेतला. आवाज घट्ट झाला. थोड्या वेळाने ते परत म्हणाले, "लांब."

"नाही बाबा. आता बरोबर आहे. कोपऱ्यात आलेय मी."

"असेल," ते म्हणाले.

एक रॉड संपला. तिने काच वर केली, वरची काळी खपली ठोकून काढली. खाली वेणी उठली होती. तिला ती त्यांना दाखवावीशी वाटली आणि दाखवायची कशी ते कळेना.

"मी गेलो होतो डॉक्टरांकडे," मिस्त्री एकाएकी म्हणाले. "दिवाळं निघालंय म्हणाले डोळ्यांचं. मधे काळा डाग आहे, तो जायचा नाही. कडेकडेचं दिसेल, मधलं नाही."

"कधी गेला होतात?"

"थंडीच्या आधी. बसने गेलो, एकटाच. तुझ्या आईला सांगितलं, बाजारात जातोय."

बारकीच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "थंडीच्या आधी? म्हणजे डब्याखाली शिरलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"आम्ही झोपणार होतो यात, बाबा! रस्त्यावरून न्यायचा होता हा! ट्रॅक्टर उतारावर असता आणि हे तुटलं असतं, तर मागचं येणारं माणूस, आत हे..." तिचा आवाज चिरकला. नवरा ठोकळे लावायचं सोडून उभा राहिला. वरून आईच्या पावलांचा आवाजही थांबला.

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "काल रात्रभर तेच दिसत होतं. ते बरं दिसतं." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. त्यांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या, काही वाटाण्याएवढ्या, काही मोठ्या. "मला वाटलं, डोळ्यांचं काय घेऊन बसलाय, हात तर आहेत. एवढं आयुष्य काढलंय, हाताला माहीत असेलच. आणि होतंही गं हाताला माहीत. पण हात कुठे लोखंडाला लागतो? मधे रॉड असतो."

बारकीने जुन्या रॉडचं थोटूक काढून टाकलं. राग होता तो होताच, पण आता तो कुणावर टाकावा हे तिला कळेना. तिने नवा रॉड होल्डरमध्ये अडकवला.

"तुम्ही हे आम्हाला सांगायला हवं होतं," शेवटी ती म्हणाली.

"हवं होतं."

"आता तरी लपवू नका काही."

"आता काय उरलंय लपवायला? ट्रॅक्टरवाल्यापर्यंत गेलंय." आणि त्यांनी खिशातून तो निखळलेला तुकडा काढून भंगाराच्या ढिगात टाकला. "मेणबत्ती म्हणाला ना तो? बरोबर म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर याहून वाईट म्हणालो असतो."

तेवढ्यात वरून फळीवर धाडधाड पाय आपटल्याचा आवाज आला. "अरे धूर! धूर येतोय इकडे, तुमचं बोलणं होऊ द्या नंतर!" नवरा धावला. आईने बादली ओतली होती, ती फळ्यांच्या फटीतून थेट खाली आली आणि बारकीच्या डोक्यावर पडली. बारकी ओरडत बाहेर आली, केसांतून काळं पाणी गळतंय, कमानीवर वाफ. मिस्त्री आधी दचकले, मग काय झालं ते उमगल्यावर हसायला लागले. त्यांना हसताना बघून आईलाही डब्याच्या दारात उभं राहून हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी चासीवर पट्ट्या चढल्या, कोपऱ्यांना तिरके आधार लागले. प्रत्येक सांधा थंड झाला की मिस्त्री येऊन त्यावरून अंगठा फिरवायचे. बहुतेक वेळा पुढे सरकायचे. एका ठिकाणी मात्र थांबले.

"इथे खड्डा आहे."

बारकीने बॅटरी मारली. होता, गव्हाच्या दाण्याएवढा. तिने तो भरला. मिस्त्रींनी परत अंगठा ठेवला, गरम लागला तेव्हा झटकला आणि म्हणाले, "हं."

नव्या सांध्यांवर रंग लावायचा नाही, असं बारकीने ठरवलं. नुसतं गंज चढू न देणारं पातळ लाल दिलं, म्हणजे खाली काय आहे ते कुणालाही दिसेल. मग आत पाण्याची पिंपं भरून ठेवली. नवरा मागच्या टोकाला उभा राहून उड्या मारायला लागला. पाटे दबले, वर आले, दबले, वर आले. कुठे काही करकरलं नाही. मिस्त्री चाकाला कान लावून बसले होते. त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून.

ट्रॅक्टरवाला पहाट फुटताना आला. आल्याआल्या तो आधी डब्याखाली गेला, बघून बाहेर आला आणि बारकीला म्हणाला, "ताई, माझ्या ट्रॉलीचंही एक काम आहे. फावलं की बघा." मिस्त्रींकडे बघून तो नुसताच मानेने नमस्कार केल्यासारखं करून गाडीवर चढला. पेट्यांची गाडी नवऱ्याने रात्रीच माश्या आत गेल्यावर पुढे पाठवली होती.

कडं अडकवलं, खीळ घातली. बारकी आईचा निरोप घ्यायला घराकडे वळली तर आईच येत होती. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पिशवी, तोंडात किल्ली. तिने वळकटी डब्यात फेकली, पिशवी आत ठेवली आणि मग तोंडातली किल्ली काढली.

"कोंबड्या शेजारी सांगितल्यात," ती म्हणाली. "फुलोरा संपेपर्यंत बघतील."

"तू कुठे निघालीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"डब्यात."

"डब्यात? तू?" मिस्त्री गडबडले. "तुला तर तो नको नकोसा झाला होता. धूळ, कोंडा, रोज नवं पाणी शोधायचं. म्हणून तर मी हे घर बांधलं."

"मी मागितलं होतं घर?"

"म्हणजे? तूच म्हणायचीस, पाठ मोडली म्हणून."

"पाठ मोडली म्हणत होते. घर बांधा कुठे म्हटलं? पाठ इथेही मोडतेच आहे." आई पायरीवर चढली आणि दारात वळून उभी राहिली. "घर बांधलंत, त्यात मला ठेवलीत आणि तुम्ही यंत्रामागे गेलात. महिना महिना. मी इथे एकटी भिंती सारवत. तुम्हाला वाटलं सुखात आहे, मला वाटलं तुम्हालाच मी तिथे नकोशी झालेय. परवापासून त्या बाकावर बसले ना, तेव्हा आठवलं, माझं सगळं बरं जे झालं ते याच्यातच झालं."

ट्रॅक्टर धडधडत होता. बारकी मनात हिशोब घालत होती. तिला आठवत होतं ते घर बांधलं त्या वर्षीचं, आई खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत असायची ते. तेव्हा तिला वाटायचं, आई दमलीये.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही कुठे बोललात डोळ्यांचं? चढताय की इथेच राहताय? जेवण मी केलेलं नाही घरात, आधीच सांगते."

मिस्त्रींनी बारकीकडे तोंड वळवलं. "जागा होईल का चौघांना?"

"पूर्वी व्हायची की," बारकी म्हणाली.

त्यांनी चौकट चाचपली आणि वर चढले.

माळावर पोचायला दुपार कलली. वाटेत पूल आला, उतार आला, एका ठिकाणी रस्ताच खचलेला होता. बारकी प्रत्येक ठिकाणी उतरून चाकाशेजारून चालली. चासी गप्प होती. माळ लागला तसा वास आला, हिरवा आणि किंचित तेलकट. मग फुलंच फुलं, नजर पोचेल तिथवर. नवऱ्याने पेट्या रांगेने मांडल्या आणि एकेकीचं दार उघडत गेला. माश्या आधी दारात घुटमळल्या, दोन-चार वर उठल्या, घिरट्या घालून परत आल्या. मग एकदम धारच लागली. गेल्या कित्येक दिवसांत नव्हता तसा आवाज माळभर भरून राहिला. नवऱ्याने तोंडावरची जाळी वर केली. बारकीने त्याचं तोंड बघितलं आणि तिलाच भरून आलं. त्याचं लक्ष जाऊ नये म्हणून ती जॅकचा दांडा शोधायला लागली.

आईने डब्याबाहेर चूल मांडली होती. चहा उकळत होता. मिस्त्री पायरीवर बसले होते. आईने कप पुढे केला तरी त्यांचं तोंड दुसरीकडेच, पेट्यांच्याही पलीकडे कुठेतरी.

"इकडे बघा, चहा घ्या," ती म्हणाली. "तिकडे काय बघताय?"

"तुलाच बघतोय," मिस्त्री म्हणाले. "समोर बघितलं की तू दिसत नाहीस. असं तिकडे बघितलं की कडेला दिसतेस. पिवळ्यात उभी आहेस. हातात कप आहे."

आई तशीच उभी राहिली. चहा निवायला लागला तरी तिने हात खाली घेतला नाही.

"बघा मग," ती म्हणाली.